योसेफाचा प्रश्न आणि लूव्हेनचे विद्यापीठ

नाताळच्या कथेतील गोठा, मेंढपाळ आणि तारा सर्वांच्या ध्यानी राहतात. परंतु ही कथा आरंभापासून कायद्याच्या छायेत घडते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सम्राट ऑगस्टसने नावनिशीचा हुकूम काढला म्हणून मरिया व योसेफ यांना बेथलेहेमची वाट धरावी लागली. त्याआधीच योसेफापुढे याहून बिकट प्रश्न उभा ठाकला होता. आपली वाग्दत्त वधू गर्भवती असल्याचे त्यास कळले, आणि नियमशास्त्र तर कठोर होते. मत्तय सांगतो की योसेफ नीतिमान होता, म्हणूनच तिची बेअब्रू न करता तिला गुपचूप सोडून देण्याचे त्याने मनात आणले. नियम राखावा आणि माणसाचीही अब्रू राखावी, हा तो प्रश्न. ज्या विद्येत तो आजही अभ्यासाचा विषय आहे, तिचा परिचय या सणानिमित्त वाचकांस करून द्यावा असे आम्ही योजिले आहे.

ती विद्या म्हणजे ‘कॅनन लॉ’, ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा. बेल्जियममधील लूव्हेन येथे पोप पाचवा मार्टिन याच्या ९ डिसेंबर १४२५ च्या आज्ञापत्राने कॅथलिक विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा दिवाणी कायदा व धर्मसभेचा कायदा हे दोन्ही विषय तेथे प्रथमपासून होते. ईश्वरविद्येची शाखा मात्र १४३२ मध्ये आली. कॅथलिक विद्यापीठात ईश्वरविद्येच्या आधी कायदा यावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते. दोन्हींत पारंगत होणाऱ्यास ‘उभय कायद्यांचा डॉक्टर’ म्हणत. पुढे फ्रेंच राजवटीने १७९७ मध्ये विद्यापीठ बंद केले, १८३४ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले आणि १९६८ च्या भाषावादात त्याची दोन शकले झाली. रामकथेचे थोर अभ्यासक फादर कामिल बुल्के हे याच विद्यापीठाचे अभियांत्रिकीचे पदवीधर, हे मराठी वाचकांस जाणून आनंद वाटेल.

या विद्यार्थ्यापुढे मुख्य ग्रंथ असतो तो १९८३ ची संहिता. तिची कलमे १७५२. त्याखेरीज पौर्वात्य धर्मसभांसाठी १९९० ची वेगळी संहिता आहे. आपल्या देशात लॅटिन, सिरो-मलबार व सिरो-मलंकार अशा तिन्ही परंपरा नांदत असल्याने येथील विद्यार्थ्यास दुसरी संहिता टाळून चालत नाही. जोडीला लॅटिन भाषा हवीच. कारभाराचा भागही मोठा आहे. बिशपच्या हाती धर्मप्रांताची मालमत्ता असली तरी अर्थव्यवहार व दिवाणी कायदा जाणणाऱ्या किमान तिघांची समिती नेमणे त्यास बंधनकारक आहे. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे ठेवावा, असेही संहिता सांगते. अधिकाऱ्यासही बांधील धरतो तोच खरा कायदा, असे आमचे मत आहे.

हे मत मोलाने विकत घ्यावे लागते, याचा दाखला लूव्हेनमध्येच आहे. तेथील प्राध्यापक व्हान एस्पेन (१६४६-१७२८) हे आपल्या काळचे विख्यात धर्मकायदेपंडित. त्यांचे ग्रंथ रोमच्या निषिद्ध यादीत गेले. रोमच्या संमतीवाचून झालेल्या उट्रेक्टच्या आर्चबिशपच्या दीक्षाविधीची त्यांनी कायद्याच्या आधारे बाजू घेतली, तेव्हा ऐंशी वर्षांच्या या वृद्धास लूव्हेन सोडावे लागले. परक्या गावी, आमर्सफोर्ट येथे, त्यांचे देहावसान झाले.

परंतु सामान्य संसारी माणसाचा या विद्येशी संबंध येतो तो बहुधा विवाहाच्या प्रश्नात. कॅथलिक धर्मसभा घटस्फोट मानत नाही; विवाह मुळातच वैध झाला होता का, एवढेच तिचे न्यायपीठ तपासते. तेथे विवाहबंधनाच्या बाजूने बोलण्यास एक स्वतंत्र अधिकारी असतो. दोघांनीही विवाह रद्द मागितला, तरी त्याच्या विरुद्ध जे न्याय्यपणे म्हणता येईल ते म्हणणे हे त्याचे कर्तव्य. पूर्वी दोन न्यायपीठांचे एकसारखे निकाल लागत, आणि त्यात वर्षे जात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये दुसऱ्या निकालाची अट काढली आणि शक्य तेथे खर्चही घेऊ नये असे सांगितले.

आपल्याकडे मात्र येथे पेच आहे. विवाह रद्द ठरविणारा धर्मसभेचा निकाल दिवाणी न्यायालयाच्या हुकुमाची जागा घेऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. एखादी भगिनी धर्मसभेचा कागद हाती येताच आपण मोकळ्या झालो असे समजून दुसरा विवाह करील, तर देशाच्या कायद्याने तिचा पहिला विवाह उभाच असतो आणि द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाचा बडगा तिच्यावर येतो. उलट, केवळ न्यायालयाचा घटस्फोट घेणारीस चर्चमध्ये पुन्हा विवाह करता येत नाही. दोन्ही दारे वेगवेगळी ठोठवावी लागतात, हे तिला वेळेवर कोणी सांगावे? एकच कायदा शिकलेला वकील अर्धेच सांगणार. उभय कायद्यांची ती जुनी लूव्हेनची जोडी आम्हांस आजही कालबाह्य वाटत नाही ती याचसाठी.

त्यासाठी बेल्जियम गाठलेच पाहिजे असेही नाही. बंगळुरूच्या सेंट पीटर्स पॉन्टिफिकल इन्स्टिट्यूटमध्ये हा अभ्यास होतो. तो केवळ पुरोहितांचाही राहिलेला नाही: २०१५ च्या सुधारणेनुसार तिघांच्या न्यायपीठावर प्रमुख धर्मगुरू असला, तरी उरलेले दोघे प्रापंचिक असू शकतात, आणि त्यांत स्त्रियाही आल्या.