आधी भाकर, मग अक्षर

सौंसरजवळच्या जामसांवलीच्या मंदिरातल्या निजलेल्या हनुमानापाशी आजारी माणसाला आणतात, तेव्हा त्याच्यासोबत घरचं कोणीतरी असतंच. आई, भाऊ, नाहीतर एखादी मावशी. त्याला पाणी पाजायचं, सावरायचं, रात्री त्याच्या उशाशी जागायचं, हे सगळं तेच करतात. पण ज्याच्यामागे कोणीच उरलेलं नाही, त्याचं कोणी करायचं?

ख्रिस्ती श्रद्धेतली सेवा या प्रश्नापाशी कसाला लागते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायात निवाड्याचं चित्र आहे. तिथे राजा प्रार्थनांचा हिशेब मागत नाही. भुकेल्याला जेवू घातलं का, परक्याला घरात घेतलं का, आजाऱ्याची विचारपूस केली का, यावर तो माणसं पारखतो.

तो अध्याय शब्दशः मनावर घेणारी एक मराठी बाई १८९७ मध्ये दुष्काळी मध्यप्रांतात आली होती. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूखही तेव्हा याच प्रांतात होता. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

भूक त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७० च्या दशकात आईवडील आणि मोठी बहीण डोळ्यांदेखत गेली. पुराण सांगत फिरणारं ते विद्वान कुटुंब अन्नाला महाग झालं होतं. उरलेली दोघं भावंडं देशभर पायी भटकली. १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढे ते पुण्याला नेलं. दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा स्वतःचे जुने दिवस आठवून त्या निघाल्या.

मदतकेंद्रांत आणि अनाथालयांत त्यांनी जे पाहिलं त्यात उपासमारीइतकीच भयंकर गोष्ट होती ती एकट्या मुलींची असहायता. त्यांना फसवून नेणारी माणसं तिथेच घिरट्या घालत होती. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली आणि बायका सोबत आणल्या. पुण्यात प्लेग होता, शारदा सदनात इतक्या जणींना ठेवण्याची मुभा नव्हती. मग पुणे जिल्ह्यातल्या केडगावची जमीन कामी आली. ती घेतली होती संस्थेला स्वतःच्या उत्पन्नावर उभं राहता यावं म्हणून. तिथे तात्पुरत्या झोपड्या उभारल्या गेल्या आणि मुक्ती सदनाचा संसार सुरू झाला.

या संसाराचा तपशील मला प्रवचनांपेक्षा मोलाचा वाटतो. उपासमारीने खंगलेल्या, रोगाने पिडलेल्या मुलींना न्हाऊ घालायचं, सोसेल तेवढंच अन्न द्यायचं, जखमा धुवायच्या. शारदा सदनात शिकलेल्या विधवा आता या मुलींच्या आया झाल्या. कालपर्यंत ज्यांना घरात अपशकुनी म्हणून कोपरा दाखवला जायचा, त्यांच्या मांडीवर परक्या जातीची मुलं निजू लागली. पुढे शेती आली, गाईगुरं आली, विणकाम, शिवण, तेलघाणा आणि छापखाना आला. अंध बायकांना ब्रेल शिकवलं गेलं. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर ही वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

रमाबाईंवर धर्मांतराचा आरोप झाला. १८९३ मध्ये शारदा सदनावरून पुण्यात मोठं वादळ उठलं होतं आणि टिळकांच्या ‘केसरी’ने कडक टीका केली होती. मुक्ती सदनातलं वातावरण उघडपणे ख्रिस्ती होतं, तिथल्या अनेकींनी तो धर्म स्वीकारला. हे झाकून रमाबाईंबद्दल लिहिणं प्रामाणिकपणाचं नाही. तरीही माझ्या मते, मरायला टेकलेल्या पोरीच्या तोंडात घास घालणं हे या वादाच्या आधी येतं, आणि रमाबाईंनी तो क्रम कधी चुकवला नाही.

‘पतित’ ठरवून समाजाने टाकलेल्या बायकांसाठी त्यांनी केडगावलाच कृपा सदन उघडलं. भुकेल्यांपेक्षा या बायकांना आसरा देणं अवघड होतं, कारण त्यांच्यावर दया दाखवायलाही लोक कचरत.

अशी सेवा आज पाहायची तर जामसांवलीहून फार लांब जायला नको. शेजारच्या बैतूल जिल्ह्यात पाढर इथे १९५८ मध्ये मिशनचं रुग्णालय सुरू झालं, ते आजही आदिवासी मुलखातल्या रोग्यांना सेवा देतं.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. शेतमजुरणीलाही वाचता यावं अशा सोप्या मराठीत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबल १९२४ मध्ये प्रकाशित झालं. त्याची छपाई झाली ती मुक्ती सदनातल्याच बायकांच्या हातून.