उघाडीपासून उलव्यापर्यंत

पनवेल तालुक्यातील गव्हाणच्या बांधावर उभे राहिले असता पूर्वी भरतीचे पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधातील पाण्याच्या दाराच्या, फळ्यांशी येऊन थबकलेले दिसे. आज तेथून उलव्याच्या नव्या वसाहतीचे मनोरे दिसतात. भूमी लेखकाला घडविते हा सिद्धान्त आपण इतका घोटून गुळगुळीत केला आहे, की मागील काही दशकांच्या कोकणातल्या मराठी कादंबरीकडे वळून पाहताना तो पुन्हा एकदा पारखून घ्यावासा वाटतो.

आमच्याच रायगड जिल्ह्यातील र. वा. दिघे यांनी कायद्याची पदवी संपादन करूनही खोपोलीजवळच्या विहारीत शेती जवळ केली, आणि 'पाणकळा', 'सराई', 'आई आहे शेतात', 'पड रे पाण्या' ही त्यांच्या कादंबऱ्यांची नुसती नावे ओळीने वाचली तरी कुणब्याचे वर्ष डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांच्या कथानकांतील अद्भुताचा सोस मला खटकतो. शेत मात्र कोठेही खोटे वाटत नाही.

श्री. ना. पेंडसे यांची तऱ्हा उलटी. १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी गावी जन्मलेले पेंडसे बालवयातच मुंबईस आले, 'बेस्ट'मध्ये चाकरी करू लागले, आणि 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०), 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबऱ्यांतून, ट्रामगाड्यांच्या त्या शहरात राहून, सुटलेल्या मुलखातच वावरत राहिले. म्हणजे सान्निध्याइतकाच वियोगही लेखकाच्या उपयोगी पडतो म्हणावयाचे!

परंतु मुलूखच जागच्या जागी नाहीसा झाला तर? १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको स्थापन झाली, पाठोपाठ भूसंपादनाच्या नोटिसा, पंचनामे व निवाडे आले; जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर शेजारच्या उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच शेतकरी बळी गेले. एवढा अनुभव पदरी असलेल्या या पट्ट्याची, दिघे-पेंडशांच्या तोडीची कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. दोष अनुभवाचा नव्हे; तो सांगणारे शब्दच हरवत चालले आहेत. सातबाऱ्यावर शेताचा नंबर राहतो, त्याचे घरगुती नाव राहत नाही. खाजण, उघाडी, मिठागराची कोंडी हे शब्द आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी सहज येतात.

तेव्हा गव्हाणच्या एखाद्या नातवाने आजोबांपाशी बसून गेलेल्या शेताची चतुःसीमा, नावानिशी, आधी वहीत उतरवून घ्यावी. कादंबरी मागाहून लिहिता येईल.