किंकाळीला पुरस्कार देताना

1978 च्या एप्रिलमधल्या ऑस्कर सोहळ्यात ‘स्टार वॉर्स’ने सहा बाहुल्या नेल्या. कला दिग्दर्शन, वेशभूषा, संकलन, संगीत, ध्वनी आणि दृश्यपरिणाम. परग्रहवासी आणि यंत्रमानवांच्या आवाजांसाठी बेन बर्टला विशेष पुरस्कार मिळाला, तो निराळा. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र ठरला वुडी ॲलनचा ‘ॲनी हॉल’. तो त्या मानाला लायक होता की नाही, हा वाद इथे नको. पण यादीकडे बघितलं की कळतं, कारागिरांची पाठ थोपटली गेली आणि गोष्ट सांगणाऱ्याला हात हलवत घरी जावं लागलं. आपल्याकडे ‘तुंबाड’चं वेगळं काय झालं? फिल्मफेअरमध्ये छायालेखन, कला दिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन एवढंच त्याच्या पदरात पडलं.

भयपट, विज्ञानपट आणि अद्भुतपट यांच्यासाठी वेगळी चूल मांडावी लागते, ती यामुळे. ती मांडली डॉ. डोनाल्ड रीड या गृहस्थांनी. हे मूळचे ड्रॅक्युलाचे भक्त. 1962 मध्ये त्यांनी ‘काउंट ड्रॅक्युला सोसायटी’ काढली होती. 1972 मध्ये त्यांनी लॉस एंजलिसमध्ये या तिन्ही प्रकारच्या चित्रपटांसाठी अकादमी स्थापन केली आणि तिचे पुरस्कार पुढे ‘सॅटर्न’ या नावाने ओळखले जाऊ लागले. मानचिन्ह म्हणजे शनी ग्रह आणि त्याभोवती कडं म्हणून चित्रपटाची फीत.

कार्यपद्धती साधी आहे. अकादमीचे सभासद मत देतात आणि सभासद होण्यासाठी चित्रपटसृष्टीत असावंच लागतं असं नाही. वर्गणी भरणाऱ्या रसिकालाही दार उघडं आहे. मूळ विभाग तीन: विज्ञान, अद्भुत आणि भय. खरी पंचाईत वर्गवारीची. ‘एलियन’मध्ये अवकाशयान आहे, पण प्रेक्षक खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो तो भीतीने. सॅटर्नने त्याला विज्ञानपट मानून गौरवलं. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मध्ये भूत नाही की पिशाच्च नाही, तरी तो सर्वोत्कृष्ट भयपट ठरला. सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपट म्हणून आधी ‘बाहुबली 2’ आणि मग 2022 मध्ये ‘आरआरआर’ निवडला गेला. ‘बाहुबली’ अद्भुतात बसतो, पण ‘आरआरआर’ला या कुंपणात आणायला फाटक बरंच मोठं उघडावं लागतं. मला त्यात काही गैर वाटत नाही. कुंपण कडक ठेवलं तर दरवर्षी पाच धड नामांकनं मिळायची मारामार.

या पुरस्कारांनी एक काम मात्र ऑस्करच्या आधी केलं. रंगभूषेसाठी ऑस्करमध्ये दरवर्षीचा विभाग सुरू झाला 1981 च्या चित्रपटांपासून आणि पहिला मान मिळाला ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’साठी रिक बेकरला. त्याआधी ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या जॉन चेंबर्ससारख्यांना मानद पुरस्कार देऊन भागवलं जाई. सॅटर्नने तोच रिक बेकर आणि स्टुअर्ट फ्रीबोर्न यांना ‘स्टार वॉर्स’च्या रंगभूषेसाठी आधीच गौरवलं होतं. मुखवटे आणि रबरी कातडी करणाऱ्यांची किंमत भयपटवाल्यांना आधी कळणार, हे उघड आहे.

आता टीव्हीकडे. जानेवारी 1978 मधला सॅटर्न सोहळा अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. सूत्रधार होते विल्यम शॅटनर आणि कॅरेन ब्लॅक. दिग्दर्शनाचा पुरस्कार जॉर्ज लुकस आणि स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्यात विभागून गेला. आज त्याचं कुणाला काही नाही. लक्षात राहिला तो शॅटनर. एल्टन जॉनचं ‘रॉकेट मॅन’ त्याने गायलं नाही, म्हटलं: अंगात टक्सिडो, हातात सिगारेट, आणि मोजून मापून टाकलेला एकेक शब्द. गाण्याचा परिचय करून द्यायला खुद्द गीतकार बर्नी टॉपिन उभा. थोड्या वेळाने दृश्यमिश्रणाच्या करामतीने पडद्यावर दुसरा शॅटनर येतो, मग तिसरा. वर्षानुवर्षं लोक ते पाहून हसत आले आहेत. पण त्या तीन शॅटनरांनी एक गोष्ट दाखवून दिली: टीव्हीवर पुरस्कार कुणाला मिळाला यापेक्षा मधल्या वेळात काय घडलं ते टिकतं.

2006 मध्ये स्पाइक टीव्ही या केबल वाहिनीने ‘स्क्रीम अवॉर्ड्‌स’ सुरू केले ते या हिशेबावरच. सॅटर्न हा संस्थेचा पुरस्कार, जमलं तर टीव्हीवर. स्क्रीम हा मुळातच टीव्हीचा कार्यक्रम. पहिला सोहळा हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात झाला; 1950 च्या दशकात ऑस्कर होत ते याच वास्तूत. पुढे तो ग्रिफिथ पार्कमधल्या ग्रीक थिएटर या खुल्या प्रेक्षागारात गेला. प्रक्षेपण ऑक्टोबरात, हॅलोवीनच्या तोंडावर. चित्रीकरण त्याआधी काही दिवस उरकलेलं असे, म्हणजे लांबलेली भाषणं, फसलेले विनोद आणि बिप करावे लागणारे शब्द कात्रीने निस्तरता येत.

विभागही पडद्यावर काय चांगलं दिसेल ते पाहून बेतलेले. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि मालिका होत्याच; शिवाय सुपरहिरो, खलनायक, कॉमिक्सचे लेखक आणि चित्रकार. आणि एक विभाग ऑस्करच्या स्वप्नातही येणार नाही असा: सर्वांत संस्मरणीय अंगच्छेद. नामांकनं वाचली जातात आणि मागच्या पडद्यावर एकामागून एक हात, पाय, मुंडकी धडावेगळी होतात. घराघरात फुकट दिसणाऱ्या मोठ्या वाहिन्यांपेक्षा केबलवर मोकळीक जास्त, म्हणून हे जमलं. मला तो विभाग थिल्लर वाटत नाही. ते दृश्य विश्वसनीय करायला रंगभूषाकार, संकलक आणि नट या तिघांना एका क्षणावर काटेकोर जुळावं लागतं.

निवडीत सल्लागार मंडळाचा हात असे, पण अखेरचा कौल चाहत्यांचा, इंटरनेटवरून. इथे लोकप्रियता हा दोष नाही, तो नियमच आहे. 2008 मध्ये ‘अल्टिमेट स्क्रीम’ हा सर्वोच्च मान ‘द डार्क नाइट’ला गेला आणि 2010 मध्ये ‘इन्सेप्शन’ला, थिएटरांबाहेरच्या रांगा पाहून कुणीही हे आधीच सांगितलं असतं. अगदी उलट टोकाचं उदाहरण मराठीत आहे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आद्याक्षरं उलटी केली आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मजकूर पत्नीकडून उतरवून घेतला. नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये एवढाच हेतू. बक्षीस त्यांनाच मिळालं, ही गोष्ट वेगळी.

मग मोठे तारे अशा सोहळ्याला का येतात? इथे रोकडा व्यवहार आहे. स्टुडिओला येऊ घातलेल्या चित्रपटाची झलक नेमक्या गिऱ्हाइकासमोर दाखवायची असते आणि वाहिनीला दुसरीकडे न दिसलेलं काहीतरी हवं असतं. म्हणून पुरस्कार द्यायला आलेला नट बहुधा पुढच्या महिन्यांत झळकणाऱ्या चित्रपटाचा असतो आणि दोन पुरस्कारांच्या मध्ये ट्रेलर लागतो. यात लपवाछपवी नाही. प्रेक्षकही निम्मे ट्रेलरसाठीच बसलेले.

वाहिनीच्या मालकीच्या पुरस्काराचं दुखणं असं की वाहिनीचं मन फिरलं की तोही गेला. स्क्रीम सहा वर्षं चालला. शेवटचा सोहळा 2011 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओत झाला. 2018 मध्ये स्पाइक हे नावही जाऊन तिथे पॅरामाउंट नेटवर्क आलं. रीड 2001 मध्ये वारले, तरी सॅटर्न टिकला, कारण त्याच्यामागे सभासद होते. स्क्रीम जास्त करमणूक करणारा होता, यात शंका नाही. पण रात्री दिवे घालवून काय बघावं हे ठरवायचं असेल तर सॅटर्नची जुनी यादी उघडा, आणि विजेत्यांच्या आधी नामांकनं वाचा.