मुचलक्यावरील मोकळीक

पांढरकवड्याच्या न्यायालयात एखाद्या तरुणावर किरकोळ चोरीचा अपराध शाबीत झाला, म्हणजे त्याची रवानगी तुरुंगातच होणार, असा समज लोकांत रूढ आहे. परंतु 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने, ज्यास मृत्युदंड वा जन्मठेप सांगितलेली नाही अशा अपराधात, अपराध्याचे चारित्र्य व प्रसंगाचे स्वरूप ध्यानी घेऊन, शिक्षा तत्काळ न फर्मावता, अधिकाधिक तीन वर्षांच्या सद्वर्तनाचा मुचलका लिहून घेऊन त्यास सोडण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला आहे. एकवीस वर्षांखालील अशा अपराध्यास कैद द्यावयाची, तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून कारणे नमूद करावी लागतात. हाच अधिकारी पुढे देखरेख ठेवतो आणि कामधंदा मिळवून देण्यास झटतो. मात्र अपराध्यास किंवा त्याच्या जामीनदारास कायम वस्ती अथवा नियमित व्यवसाय असावा लागतो, आणि कापसाच्या या मुलखात मजुरीसाठी गावोगाव हिंडणाऱ्या निर्धनास ही अट फार जाचक होते, असे माझे स्पष्ट मत आहे. मुचलक्याची शर्त मोडल्यास मूळ अपराधाची शिक्षा सुनावता येते. पाळल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता त्यास बाधत नाही.