शीतसाखळीचे केंद्र: शेतापाशी की बाजारापाशी?

शीतगृहासाठी जागा निवडताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात: जमीन कोठे उपलब्ध आहे आणि अनुदान किती मिळेल. माल कोणता आणि तो कोणत्या टप्प्यावर बिघडू लागतो, हा प्रश्न मागे पडतो. जागेचे उत्तर मात्र त्याच प्रश्नात दडलेले असते.

द्राक्षाचे उदाहरण घ्या. तोडणीनंतर चार ते सहा तासांत घडाचे पूर्वशीतकरण झाले नाही, तर देठ सुकून तपकिरी पडतात व मणी गळू लागतात. पुढे कितीही उत्तम शीतगृह लाभले, तरी ही हानी भरून येत नाही. त्यामुळे दिंडोरी, निफाड परिसरातील पॅकहाउस बागांच्या जवळ आहेत. तेथे थंड झालेला माल शीतवाहनातून न्हावा-शेवा बंदरापर्यंतचे अंतर निर्धास्तपणे कापतो.

केळीचे गणित याच्या उलट आहे. जळगाव वा बऱ्हाणपूरची केळी हिरवी व कठीण असतानाच दूर पाठवावी लागते. वाहतुकीत तापमान 13 ते 14 अंश सेल्सिअस ठेवावे लागते. त्याखाली गेल्यास साल काळवंडते. इथिलीन वायूच्या साहाय्याने फळ पिकवण्यास चार-पाच दिवस लागतात आणि पिकलेले फळ रस्त्यावरचे हादरे सोसत नाही. म्हणून प्रतवारी व पॅकिंग उत्पादन क्षेत्रात, तर पिकवण कक्ष दिल्लीसारख्या ग्राहक शहरालगत, अशी विभागणी योग्य ठरते. गावातच पिकवण कक्ष उभारून दूरच्या बाजाराचे स्वप्न पाहणे महागात पडते.

काश्मिरी सफरचंदाची कथा आणखी निराळी. पुलवामा जिल्ह्यातील लासीपोरा येथे नियंत्रित वातावरणाची शीतगृहे उत्पादन क्षेत्रातच उभी राहिली. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरडी वा हिमवर्षावामुळे बंद पडतो, तेव्हा ज्याचा माल गृहात आहे तो बागायतदार थांबू शकतो. ज्याचा ट्रकमध्ये आहे त्याला थांबणे परवडत नाही.

राष्ट्रीय शीतसाखळी विकास केंद्राच्या 2015 च्या अभ्यासात देशाला सुमारे 70 हजार पॅकहाउसची गरज असताना प्रत्यक्षात केवळ 249 असल्याचे आढळले. शीतगृहांची क्षमता मात्र गरजेच्या सुमारे 90 टक्के होती. साखळीची शेताकडील पहिली कडीच त्या वेळी जवळजवळ नव्हती, असाच याचा अर्थ.

उत्पादक गटांना सल्ला देताना विस्तार कार्यकर्त्यांनी नकाशावर केवळ वर्तुळ आखू नये. तोडणीच्या हंगामात, तोडणीच्याच वेळी भरलेली गाडी प्रस्तावित जागेपर्यंत नेऊन लागणारा वेळ मोजावा. त्या वेळी वीज किती तास असते, याचीही नोंद ठेवावी. शिवाय द्राक्षाचा हंगाम एप्रिलच्या सुमारास संपतो. उरलेल्या महिन्यांत त्या केंद्रात काय ठेवणार, हेही आधीच ठरवावे. डाळिंब ठेवायचे म्हटले तर त्याला 5 ते 7 अंश तापमान हवे, द्राक्षाला शून्याच्या आसपास. दोन्हींचा माल एकाच वेळी येणार असेल, तर स्वतंत्र कक्षांचा खर्च प्रकल्प अहवालात पहिल्याच दिवशी दिसला पाहिजे.