मेघ विरळ, वस्तुमान अफाट

मृग नक्षत्रातील बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही एक पुसट ठिपका दिसतो. हा मृगातील तेजोमेघ. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वस्तुमान अंदाजे २,००० सूर्यांइतके आहे. हा आकडा आणि छायाचित्रांतले धुरासारखे लोट पाहून असे मेघ घनदाट असावेत, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती उलट आहे.

समुद्रसपाटीवरच्या एक घन सेंटीमीटर हवेत २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. ताऱ्यांना जन्म देणाऱ्या थंड रेणुमेघात तेवढ्याच जागेत साधारण शेकडो ते हजारो रेणू, बहुतेक हायड्रोजनचे. प्रयोगशाळेतला उत्तम निर्वातही सहसा याहून दाट असतो. घन सेंटीमीटरला १,००० रेणू धरले, तर पृथ्वीएवढ्या आकाराच्या मेघखंडात जेमतेम साडेतीन टन हायड्रोजन भरेल, म्हणजे एका ट्रकचा माल. खुद्द पृथ्वीचे वस्तुमान मात्र ६ वर २४ शून्ये किलोग्रॅम आहे.

मग हजारो सूर्यांचा हिशेब लागतो कसा? घनफळामुळे. लांबी दहापट झाली की घनफळ हजारपट होते आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. त्याच विरळ वायूचा एक प्रकाशवर्ष बाजूचा घन घेतला, तर त्यातला हायड्रोजनच सूर्याच्या सुमारे १.४ पट भरतो. मोठे रेणुमेघ डझनावारी, कधी शेकडो प्रकाशवर्षे पसरलेले असतात. त्यांचे वस्तुमान दहा हजार ते दहा लाख सूर्यांच्या घरात जाते. किलोग्रॅम इथे कामाचा नाही, म्हणून सूर्यालाच माप मानतात. एक सौर वस्तुमान म्हणजे ३ लाख ३३ हजार पृथ्व्या.

जेवढे चमकते तेवढेच वस्तुमान, हाही गैरसमजच. मृगातील तेजोमेघ हा मागच्या काळोख्या रेणुमेघाचा तापून उजळलेला छोटा भाग आहे. त्या मेघात सुमारे एक लाख सूर्यांइतका वायू आहे. थंड हायड्रोजन रेणू जवळपास काहीच प्रारण देत नाहीत, त्यामुळे वजन आडमार्गाने काढावे लागते. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस या शास्त्रज्ञांना मृगाच्याच दिशेने कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओलहरी सापडल्या. तेव्हापासून हा वायू हायड्रोजनचा माग काढण्याचे मुख्य साधन ठरला. अणुरूप हायड्रोजन मात्र स्वतःच २१ सेंटीमीटर लांबीच्या लहरी सोडतो. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण त्या टिपते.

लाख सूर्यांचा मेघ म्हणजे लाख ताऱ्यांची बेगमी, असेही समजू नये. अशा मेघातला काही टक्केच वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो; उरलेला बहुतेक नव्या तप्त ताऱ्यांच्या प्रारणाने आणि वाऱ्यांनी उधळला जातो.