वही आणि फोन एकजीव होताना

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कामाच्या माणसाजवळ दोन उपकरणं असत. एकात नाव-पत्ते आणि भेटीच्या वेळा, आपल्याकडच्या डिजिटल डायरीसारख्या, दुसरं बोलण्यासाठी. एकात नंबर शोधायचा आणि दुसऱ्यावर दाबायचा. ही दोन्ही एक करायला जवळजवळ दशक गेलं. त्या दशकाकडे पाहिलं की पटतं, दोन यंत्रं जोडणं फारसं अवघड नव्हतं. ती एकजीव करण्यात खरा कस लागला.

पहिला धाडसी प्रयत्न आयबीएमचा. 1994 मध्ये बाजारात आलेल्या 'सायमन'ला टचस्क्रीन होता, कॅलेंडर होतं, फॅक्स आणि ईमेलही होती. पण बॅटरी बोलण्यात तासाभरात संपे. वर्षभराच्या आतच तो मागे पडला. 1996 मध्ये नोकियाचा 9000 कम्युनिकेटर आला. तो उघडला की आत आडवा पडदा आणि पूर्ण कीबोर्ड. वजन मात्र 397 ग्रॅम.

त्याच वर्षी जेफ हॉकिन्स यांच्या पाम कंपनीची खिशातली वही, 'पायलट', आली. तिच्यात फोन नव्हता, तरी पुढच्या स्मार्टफोनची शिस्त तिनेच घालून दिली. यंत्र तयार होण्याआधी हॉकिन्स त्या यंत्राच्या आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत. कुणी भेटीची वेळ मागितली की तो बाहेर काढून त्यावर काडीने लिहिल्यासारखं करत. खिशात मावतं का, चटकन हाती येतं का, हे आधी ठरलं, सर्किट नंतर. 128 केबी मेमरीचा पायलट दोन बारीक सेलवर आठवडेच्या आठवडे चाले.

या वहीला फोन जोडायला अनेक जण सरसावले. क्वालकॉमच्या 'पीडीक्यू'मध्ये पामची प्रणाली होती आणि आकड्यांची झडप पडद्याचा खालचा भाग झाकत असे. पाम सोडून हॉकिन्स आणि त्यांच्या सहकारी डोना डुबिन्स्की यांनी हँडस्प्रिंग ही कंपनी काढली. तिच्या 'व्हायजर' या वहीच्या पाठीला खाच होती आणि 2000 मध्ये आलेला 'व्हायजरफोन' तिच्यात बसवायचा. त्याची बॅटरी स्वतंत्र होती. म्हणजे वहीचे सेल वेगळे, फोनचं चार्जिंग वेगळं. जोड झाली, पण सांधा दिसत राहिला.

हँडस्प्रिंगच्याच 2002 च्या 'ट्रिओ 180'ने तो सांधा मिटवायला घेतला. छोट्या कीबोर्डवर नावाची आद्याक्षरं दाबली की माणूस समोर येई आणि तिथूनच फोन लागे. वहीतलं नाव हाच फोनचा नंबर झाला. वरच्या टोकाला आवाज बंद करायची खटकी होती. मीटिंगमध्ये मेन्यू धुंडाळायला नको. 2003 च्या 'ट्रिओ 600'मध्ये पडद्यावरचं झाकण गेलं आणि मधल्या बटणाने सगळं एका हातात आलं.

एक जुनं दुखणं मात्र उरलं होतं. वहीची मेमरी वीज असेतोवरच टिके. साध्या वहीत ते खपून जाई, कारण तिचे सेल दीर्घकाळ पुरत. फोनचा रेडिओ मात्र बॅटरी खाई आणि ती पूर्ण उतरली की नंबर, नोंदी, भेटी, सगळं पुसलं जाई. संगणकाशी सिंक केलेलं असेल तरच वाचलात. 2004 च्या 'ट्रिओ 650'ने वीज गेली तरी टिकणारी मेमरी दिली, तेव्हा कुठे ही वही खात्रीची झाली.

तीन वर्षांनी आयफोन आला आणि बाजाराचा नूरच पालटला. हँडस्प्रिंगला सामावून घेतलेल्या पामने 2009 मध्ये वेबओएस या नव्या प्रणालीनिशी जोरदार झुंज दिली. 2010 मध्ये एचपीने ती कंपनी 1.2 अब्ज डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी ही उपकरणं बंद केली.

पण कंपनी हरली म्हणून तिचं काम फुकट गेलं, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. आपण नाव शोधतो आणि फोन लावतो. मधल्या पायऱ्या कुणीतरी एकेक करून काढल्या, म्हणून ते इतकं सहज झालंय. स्मार्टफोनचा इतिहास 2007 पासून सांगणाऱ्यांनी त्या आधीच्या या माणसांना त्यांचं श्रेय द्यायला हवं.